दुर्बिणीवरची घोंगडी

मनोहरदादा गेल्याचा फोन आला, त्या दिवशी अमरावतीहून निघून आम्ही त्यांच्या गावच्या वळणावर पोचलो तेव्हा दिवस मावळून गेला होता, आणि त्या वळणावर मी गाडीचे दिवे बंद केले. कित्येक वर्षं तेच करत आलो होतो. शाळेच्या भिंतीपुढं गाडीचा उजेड चालणार नाही, हा दादांचा नियम. वर गच्चीवर त्यांचा कॅमेरा उघडा असायचा, आणि तीस कोटी वर्षं चालून आलेला उजेड माझ्या गाडीच्या दिव्यात बुडून मरतो, असं ते म्हणत. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. फक्त त्या दिवशी बोळाच्या तोंडाशी, अंधारातच, मंडपवाल्यानं प्लास्टिकच्या खुर्च्यांची उतरंड रचून ठेवली होती... ती मी गाडीनं सबंध उडवली. मयताच्या घरासमोर, बायका रडत असताना, त्या खुर्च्या असा काही आवाज करत कोसळल्या की आतलं रडणं क्षणभर थांबलंच. समोरच्या घरचे नथ्थूजी पुढं आले, काचेतून आत डोकावले आणि हळूच म्हणाले, "जवाईबापू, आता लावा लाइट. वर कोनी नाई."

शेजारी बसलेली माझी बायको मालती, म्हणजे दादांची सख्खी धाकटी बहीण, अमरावतीपासून रडत होती. ती आधी हसली, आणि मग जास्तच रडली. मी मात्र पुढचे तेरा दिवस त्या गावात "खुर्च्यावाले जवाई" म्हणून ओळखला गेलो.

मनोहरदादा म्हणजे माझे मोठे मेहुणे. हिवरखेडच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता, आणि तिथून थोड्या अंतरावर, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या लहानशा गावात घर आणि थोडं वावर. धंदा लग्नाच्या फोटोंचा. त्या पट्ट्यातल्या एका अख्ख्या पिढीला हळद लागताना त्यांच्या कॅमेऱ्यानं पाहिलं. पण त्यांचा जीव अडकला होता तो दुसरीकडंच. ज्या कॅमेऱ्यानं ते दिवसा नवरानवरीचे फोटो काढत, तोच कॅमेरा अंधार पडला की दुर्बिणीच्या बुडाला लावून दीर्घिकांचे फोटो काढत. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी एकेक अख्खी आकाशगंगा. आणि दादांना एकटीदुकटी दीर्घिका पुरत नसे, त्यांना त्यांचा गुच्छच्या गुच्छ लागे. एकदा एका लग्नाच्या सीडीत नवरीच्या बिदाईनंतर दहाबारा काळेकुट्ट फोटो राहून गेले. नवरीचा बाप सीडी घेऊन आला, हे अंधाराचे फोटो कशाचे म्हणून विचारू लागला. दादांनी निवांतपणे सांगितलं, "हे पण वऱ्हाडच हाय, पाटील. लय लांबून आलं, म्हनून जरा पुसट दिसते."

मला त्यांनी तो गुच्छ पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी नवा जावई होतो आणि आपल्याला सगळं समजतं असा चेहरा करून बसण्याची माझी सवय अजून मोडायची होती. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर पिवळट रंगाचे दोन मोठे डाग आणि भोवती बारीक बारीक ठिपके दिसत होते. मी गंभीरपणे म्हणालो की मध्ये दोन मोठे तारे आहेत.  मग दादांनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं की रेखीव गोल दिसतो तो तारा, आणि कडा विरलेली, जराशी पसरलेली दिसते ती दीर्घिका. या पडद्यावर तारे थोडे आणि दीर्घिका जास्त आहेत, आणि एकेकीत इतके सूर्य आहेत की मोजायच्या भानगडीत पडू नये. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला चिवड्यात मोहरी सांडल्यासारखं दिसत होतं, आणि मी तसं बोलूनही गेलो. दादांना राग आला नाही. पुढं मला फोन केला की ते विचारत, "जवाईबापू, मोहरी पाहाले कवा येता?"

अरुंधती केश नावाच्या तारकासमूहात, सप्तर्षी आणि स्वातीच्या पलीकडच्या बाजूला, हा गुच्छ आहे. नुसत्या डोळ्यांना तिथं काही म्हणजे काही दिसत नाही. एकाच जागेचे पाच पाच मिनिटांचे शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक चढवायचे, तेव्हा कुठं काळोखातून एकेक पुसट ठिपका वर येतो. जितके फोटो जास्त, तितकं लांबचं दिसणार. दादांना त्या गुच्छाचा एक असा फोटो हवा होता, की ज्यात मागच्या, अगदी कडेच्या, कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या दीर्घिकाही उमटतील. त्यासाठी त्यांनी कुणाकडून तरी जुनी मोठी दुर्बीण घेतली, गच्चीवर सिमेंटचा खांब उभारून त्याच्यावर बसवली, आणि आभाळासोबत तिला फिरवणारी मोटर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडली, कारण लाइटचा काही भरवसा नव्हता. लाइट गेली की सगळं गाव शिव्या द्यायचं आणि दादांच्या गच्चीवरून समाधानाचा सुस्कारा ऐकू यायचा. मला तिथं बॅटरीचे चिमटे धरणं आणि सांगितलं की बटण दाबणं एवढीच कामं होती, पण ती मी फार महत्त्वाचा चेहरा करून करत असे.

अडचण एकच होती, आणि तिनं दादांना आयुष्यभर बेचैन ठेवलं. हा गुच्छ आपल्याकडं उन्हाळ्यातच नीट दिसतो. आणि उन्हाळ्यात आपल्याकडं काय असतं? लग्नं असतात आणि धूळ असते. चैत्र-वैशाख दादा मांडवात अडकलेले, आणि मोकळे झाले तर आभाळ धुळीनं मातकट. मग मेच्या शेवटी वळवाचे एक-दोन सडाके येतात, धूळ खाली बसते, आणि मृगाच्या तोंडावर आठ-दहा संध्याकाळी अशा मिळतात की आभाळ धुऊन पुसून ठेवल्यासारखं! अंधार पडतो तेव्हा अरुंधती केश नेमका डोक्यावर असतो. दादांचं सगळं वर्ष त्या आठ-दहा संध्याकाळींच्या वाटेकडं डोळे लावून असे. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी, त्याच आभाळाकडं, सगळा मुलूख ढग शोधत असे...

ती वर्षं कशी होती ते वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायला नको. कापसाचं सोयाबीन झालं आणि सोयाबीनचं काहीच झालं नाही. सकाळी पेपर उघडला की कुठल्या तरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असायचीच. दादांच्या स्टुडिओत लग्नाच्या ऑर्डरी कमी झाल्या, आणि कुठल्याशा जुन्या लग्नाच्या ग्रुप फोटोतून कडेला उभा असलेला एकच चेहरा मोठा करून द्या म्हणणारी माणसं यायला लागली. पुसट चेहरा वर आणण्याचं ते काम दादा फार जीव लावून करत, आणि त्याबद्दल घरात एक अक्षर बोलत नसत. जेवताना मध्येच उठून गच्चीवर जात आणि येरझाऱ्या घालत, एवढंच.

अशाच एका वर्षी मृगाचं पहिलं पाणी पडलं, लोकांनी पेरण्या उरकल्या, आणि पाऊस जो गेला तो गेलाच. एकदा पेरलेलं मोडलं, दुसऱ्यांदा पेरलं, तेही सुकायला आलं. आणि आभाळ? चांदण्यांनी नुसतं लखलखत होतं. दादा रोज गच्चीवर. मी आणि मालती तेव्हा तिथंच होतो, म्हणून हे पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आधी बोळातून जाता येता थट्टा सुरू झाली, की भाऊचं नळकांडं ढग हाकलते. मग थट्टा करणारे थट्टा करेनासे झाले. आणि एका दुपारी नथ्थूजी चार-पाच जणांना घेऊन घरी आले. चहा झाला. कोणाच्या मुलीची बारावी, कोणाच्या बैलाचा पाय, सगळं बोलून झालं. चपला पायात घालून झाल्यावर नथ्थूजी दाराच्या चौकटीशी बोलल्यासारखं म्हणाले, "भाऊ, ते वरतं हाय ना... ते आठ दिवस झाकून ठेवलं तं जमन काय?"

मालती अमरावतीच्या शाळेत विज्ञान शिकवते. ती स्वयंपाकघरातून थेट ओसरीत आली. माहेरी आली की तिची भाषा अर्ध्या रस्त्यातच बदलते. दुर्बिणीनं ढग पळतात हे कोणत्या पुस्तकात लिहिलं, असं तिनं विचारलं. नथ्थूजींनी मान खाली घातली आणि म्हणाले की आम्हाला समजते बाई, पण घरी बायका बोलतात. दुसरा म्हणाला, माझी आई म्हणते. तिसऱ्यानं आपल्या सासऱ्याचं नाव घेतलं. आलेल्यांपैकी एकाचाही स्वतःचा विश्वास नव्हता. प्रत्येकजण कोणाच्या तरी वतीनं आला होता.  दादांनी सगळ्यांचे चेहरे एकदा पाहून घेतले, खुंटीवरची काळी घोंगडी काढली, वर गेले आणि दुर्बिणीवर टाकून आले.

दोन दिवसांनी पाऊस आला. असा आला की बोळाची नदी झाली. लोक अंगणात भिजत उभे, आणि आमचे दादा ओसरीत डोक्याला हात लावून बसलेले. मला म्हणाले, "गेलं, जवाईबापू. माह्या सगळ्या विज्ञानाची वाट लागली आता."

आणि लागलीच. पुढच्या वर्षी मृगाच्या आदल्या दिवशी नथ्थूजी नारळ घेऊन दारात हजर. तिथून तो रिवाजच पडला. अंधश्रद्धेविरुद्ध शाळाशाळांतून पडद्यावर ग्रहणं दाखवत फिरणारा हा माणूस, आणि त्याच्याच गच्चीवर दरसाल मृगाच्या आदल्या दिवशी दुर्बिणीला हळदकुंकू लागून नारळ फुटायचा आणि पाऊस येईपर्यंत घोंगडी पडायची. दादा तेवढा वेळ खाली तोंड धूत बसत. एकदा अकोल्याच्या एका शाळेत त्यांना व्याख्यानाला बोलावलं, तर प्रास्ताविक करणाऱ्या गुरुजींनी "ज्यांची दुर्बीण झाकली की पाऊस येतो ते" अशीच त्यांची ओळख करून दिली. आणि ज्या साली झाकूनही पाऊस आला नाही, त्या साली रिवाज मोडेल असं मला वाटलं होतं, पण माझं लोकांबद्दलचं ज्ञान यथातथाच. नथ्थूजी वर गेले, घोंगडी उन्हात धरून पाहिली, आणि कसरीनं पाडलेल्या एका भोकाकडं दादांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, लक्ष वेधून खाली आले. वहिनींनी ते शिवलं. पाऊस तरीही आला नाही, पण त्याचा दोष शिवणीकडं गेला.

या सगळ्यात गेला तो दादांचा फोटो. त्या धुतलेल्या आठ-दहा संध्याकाळी दरसाल घोंगडीखाली. मृगाच्या आधी एखादी पदरात पडली तर पडली. त्या दिवसांत त्यांच्याकडं पाहवत नसे. अंधार पडला की अंगणात मान वर करून फिरत, मध्येच थांबत, डोक्यावर कुठं काय आहे ते डोळ्यांनीच शोधत, आणि पुन्हा चालायला लागत. एका साली सहन होईना म्हणून पळून आमच्याकडं अमरावतीला आले, तर आमच्या गच्चीवर रस्त्याच्या दिव्यांनी पांढरं फटक झालेलं आभाळ! तिथंही ते जेवण टाकून फिरतच राहिले, आणि तिसऱ्या दिवशी परत गेले. मालतीला हे सोसत नसे. ती दरसाल फोनवर सांगायची की दादा, अंधारात जरा उघड ना ती घोंगडी, कोण पाहायला येते? दादांचं उत्तरही दरसाल तेच असे, "मी पाहून राहिलो ना, बाई." मग ती फोन ठेवून माझ्यावर चिडायची, कारण गावावर चिडायचं तर गाव लांब होतं.

त्यांचाही विश्वास बसला होता की काय, हा प्रश्न मला फार छळत असे. एकदा स्टुडिओत बसलो असताना मी विचारलंच. मला वाटलं ते हसण्यावारी नेतील. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. एका जुन्या ग्रुप फोटोतला फेट्यातला कोणी माणूस ते मोठा करत होते. म्हणाले, "पाणी मांगाले त्यायले दुसरं कोनी सापडलंच नाई, जवाईबापू. सरकार आयकत नोतं, देव आयकत नोता. मी निदान घरी तरी होतो."

शेवटची भेट होळीच्या सुमाराची. तब्येत उतरली होती, जिना चढताना मध्ये थांबत होते, पण गच्चीवर गेल्याशिवाय राहवत नव्हतं. त्यांनी मला फोटो दाखवला. पूर्वी जिथं काळं होतं तिथं आता बारीक धुक्यासारखे ठिपकेच ठिपके वर आले होते, आणि मला, चिवडेवाल्याला, पहिल्यांदा वाटलं की आपण कशाच्या तरी काठावर उभे आहोत. किती राहिलं, विचारलं तर दोन बोटं वर केली. दोन संध्याकाळी. चांगल्या, धूळ नसलेल्या. यंदा मृगाच्या आधी मिळतीलच, असं ते म्हणाले, आणि हे त्यांनी एकट्या मलाच नाही, दिसेल त्याला सांगितलं असणार, कारण पोटात काही ठेवणं त्यांना जमत नसे. वैशाखात, एका लग्नाला निघण्यासाठी बूट घालताना ते बसल्या जागी गेले...

मृगाच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा गावी गेलो. वहिनी एकट्या होत्या, आणि पेरणीचं काय करायचं ते ठरवायचं होतं. वळवाचा एक सडाका येऊन गेला होता. पुढं मात्र ढगाचं नाव नव्हतं. त्या दिवशी दुपारी नथ्थूजी आले, मागं तीच माणसं, आता केस पांढरे झालेली. मालतीनं मला डोळ्यांनी खुणावलं, की आले नारळ घेऊन. चहा झाला. कापसाच्या बियाण्यापासून माझ्या त्या खुर्च्यांपर्यंत सगळ्या गोष्टी निघाल्या. उठले, चपला घातल्या, आणि नथ्थूजी म्हणाले, "जवाईबापू, आमी काय म्हनतो... यंदा झाकू नका. भाऊच्या दोन संध्याकाळी रायल्या व्हत्या. तुमी त्या काढून घ्या. पानी दोन दिवस मागं गेलं तं जाऊ द्या."

मला गहिवरून आलं, आणि गहिवर आला की मी हमखास व्याख्यान देतो. मी त्यांना सांगू लागलो की नथ्थूजी, दुर्बिणीचा न् पावसाचा काही संबंध नाही, दादांचाही यावर कधी विश्वास नव्हता, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचा नसन. आमचा हाय ना. म्हनून तं सांगाले आलो."

मालतीनं चहाचे कप गोळा केले, आणि मी ट्रॅक्टरची बॅटरी शोधायला गेलो. 

त्याच संध्याकाळी मी गच्चीवर चढलो. इतकी वर्षं बटण दाबणारा माणूस एकदम मुख्य झाला की जे होतं ते झालं. बॅटरीचे चिमटे मी उलटे लावले, आणि दुर्बीण आधी भलतीकडंच नेली. पण हात दादांनी शिकवलेले होते. स्वातीपासून निघून, ते मला चालवत नेत त्याच वाटेनं हळूहळू गेलो, आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दोन पिवळट डाग आले. आभाळ इतकं स्वच्छ मी कधी पाहिलं नव्हतं. पाच पाच मिनिटांचे फोटो एकामागून एक निघत होते, मोटर बारीक आवाज करत होती, आणि मी अगदी आनंदात होतो. मग सहज कठड्यावरून खाली पाहिलं. बोळातल्या एकाही घराचा बाहेरचा दिवा लागलेला नव्हता. नथ्थूजींच्या ओट्यावर माणसं दाटीवाटीनं बसली होती.  बिडीसुद्धा कोणी पेटवली नव्हती. ती माणसं दुर्बिणीकडं पाहतच नव्हती. सगळ्यांची तोंडं पावसाच्या दिशेला होती, आणि तिकडं क्षितिजापर्यंत नुसत्या चांदण्या होत्या. त्या चांदण्यांचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला. बसवेना. दादांसारखाच मी त्या खांबाभोवती फिरू लागलो...

फोटो मात्र फार सुंदर आले होते. गुच्छ पश्चिमेला कलल्यावर मी मालतीला म्हणालो की निम्मं काम झालं, उद्या एक संध्याकाळ अशीच मिळाली की दादांचा फोटो पुरा. इतकी वर्षं ती ज्या संध्याकाळींसाठी फोनवर दादांशी भांडत आली, त्यातली एक हातात होती आणि दुसरी समोर. ती कठड्याशी उभी होती. खाली ओट्याकडं पाहत होती, बराच वेळ पाहत होती. मग जिन्यावरच्या खोलीत गेली, घोंगडी घेऊन आली, आणि तिचं एक टोक माझ्या हातात देत म्हणाली, "बस झालं. धरा इकडून. लोकायची पेरणी खोळंबली."